पहिली अफिलिएट साईट : डोमेन घेण्याआधी कागदावर काय मांडायचं?

गंजका_खिळा

'अफिलिएट साईट काढायचीय, होस्टिंग कुठलं घेऊ?' हा प्रश्न दर पंधरा दिवसांनी कुणीतरी विचारतंच. अफिलिएट साईट म्हणजे जिच्यावरच्या लिंकवरून कुणी दुकानात जाऊन खरेदी केली की आपल्याला कमिशन मिळतं अशी साईट. होस्टिंग (साईट ठेवायची भाड्याची जागा) हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे, म्हणून त्याच्या आधीचं इथे एकत्र लिहितो. चर्चा हवेत राहू नये म्हणून उदाहरण एकच धरू : पक्षी बघण्यासाठीच्या दुर्बिणी.

आधी हिशेब. समजा महिन्याला १००० वाचक आले. त्यातल्या ३०० जणांनी दुकानाच्या लिंकवर क्लिक केलं, आणि शंभरातल्या ५ जणांनी खरेदी केली, म्हणजे १५ विक्री. कमिशन ३ टक्के. १५ गुणिले ३ म्हणजे ४५ टक्के, तेही एका दुर्बिणीच्या किमतीच्या. हजार माणसं आणूनही महिन्याची कमाई एका दुर्बिणीच्या निम्म्या किमतीला पोचत नाही. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, आणि नव्या साईटच्या मानाने सढळ हातानेच धरलेत.

आता याच गणितात दुर्बिणीऐवजी तिचा पट्टा घाला, किंमत दहावा हिस्सा. कमाईही दहावा हिस्सा, लेख लिहायचे कष्ट मात्र तेवढेच. म्हणून विषय निवडताना वस्तूची किंमत, कमिशनचा दर आणि कुकीची मुदत (क्लिकनंतर किती वेळात केलेली खरेदी आपल्या नावावर लागते ती) हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून काढा. अ‍ॅमेझॉनची मुदत २४ तास आहे. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली गेली, तर तेवढ्या वस्तूपुरती ती ९० दिवसांपर्यंत जाते. इतर अनेक कार्यक्रमांत सरसकट ३० दिवस मिळतात. दुर्बिणीसारखी वस्तू माणूस आठवडाभर विचार करून घेतो, तिथे २४ तास फार तोकडे पडतात. याची थोडी भरपाई अशी, की त्या २४ तासांत त्याने दुसरं काही घेतलं तरी बहुतेक वेळा कमिशन लागतं.

दुसरी चाचणी तीस प्रश्नांची. वस्तू घेण्याआधी माणूस जे प्रश्न विचारतो ते कागदावर लिहा. ८×४२ घेऊ की १०×४२ (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या मोठ्या भिंगाच्या व्यासाचा, मिमीमध्ये)? चष्मा न काढता दिसेल का? लहान मुलाच्या डोळ्यांना बसेल का? आत बुरशी का धरते? एकाची दोन चित्रं का दिसतात? दोन मीटरवरचं फुलपाखरू दिसेल का? तीस झाले तर पुढे चला. बाराव्या प्रश्नाला पेन थांबलं तर एकतर विषय फार चिंचोळा आहे, नाहीतर तुम्हाला तो अजून कळलेला नाही.

आरोग्य, औषधं, कर्ज, गुंतवणूक हे विषय पहिल्या साईटला नकोत. तिथे गूगल लेखकाची पत फार कडकपणे जोखतं.

कोरा_कागद

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. कीवर्डचं (लोक शोधताना टाकतात त्या शब्दांचं) पैसे भरून घ्यायचं टूल लागतंच का? आणि 'दुर्बिणी' हा विषय पुरेसा लहान आहे की अजून बारीक करायचा?

उंबरठा

टूल पहिल्या सहा महिन्यांत लागत नाही. गूगलच्या शोधपट्टीत 'दुर्बीण चष्मा', 'दुर्बीण वजन', 'दुर्बीण धूसर' असे अर्धवट शब्द टाका आणि खाली काय सुचतं ते उतरवून घ्या. निकालांच्या मध्ये 'लोक हेही विचारतात' अशी पेटी येते, तिथला एकेक प्रश्न उघडला की खाली आणखी प्रश्न येत जातात. गूगलचा कीवर्ड प्लॅनर फुकट आहे. जाहिरात चालू नसेल तर तो '१०० ते १०००' असा ढोबळ पट्टा दाखवतो, पण आपल्याला फक्त कुठला प्रश्न मोठा आणि कुठला छोटा एवढंच हवं असतं.

शोधाच्या आकड्यापेक्षा पहिलं पान वाचायला शिका. दहाच्या दहा निकाल मोठी मासिकं आणि दुकानं असतील तर तो प्रश्न सोडा. वरच्या पाचांत एखादी जुनी चर्चा दिसली, किंवा प्रश्न एक आणि उत्तर भलत्याचंच असं दिसलं, तर तिथे फट आहे. 'सर्वोत्तम दुर्बीण' हा शब्दप्रयोग तुमच्यासाठी नाहीच, तिथे तुम्ही चाळिसाव्या नंबरवर बसाल. 'चष्मा लावणाऱ्यांसाठी ८×३२' इथे जागा मिळू शकते, आणि असं शोधणारा माणूस खरेदीच्या जवळ आलेला असतो.

विषय किती बारीक करायचा? दुर्बिणी + पट्टे + ट्रायपॉड + निगा, एवढा परीघ पुरे. डोमेनच्या (साईटच्या पत्त्याच्या) नावात मात्र 'दुर्बीण' कोंबू नका. उद्या स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची, जास्त ताकदीची दुर्बीण) हा विषय घ्यावासा वाटला तर नाव आड येतं.

तिरपागडा

डोमेनवरून आठवलं. नावात कंपनीचं किंवा दुकानाचं नाव चालत नाही. अ‍ॅमेझॉनच्या अटींत तर त्यांचं नाव, अगदी चुकीच्या स्पेलिंगसह, डोमेनमध्ये वापरायला स्पष्ट मनाई आहे. आकडे आणि आडव्या रेघाही नकोत, कारण फोनवर नाव सांगताना प्रत्येक वेळी खुलासा करावा लागतो.

आणि मुदत संपलेलं जुनं डोमेन 'दुसऱ्या साईटींवरून त्याला आलेल्या लिंका आयत्या मिळतात' म्हणून घ्यायचा मोह होतो, तो टाळा. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमच्या नियमांत याच प्रकाराचं वेगळं कलम घातलंय.

रिकामटेकडी

मांडणीचं मी लिहिते, कारण बिचारी नवी माणसं इथेच तीन महिने घालवतात आणि एकही लेख होत नाही. हे सगळं दोन दिवसांचं काम आहे.

साधं शेअर्ड होस्टिंग, त्यावर वर्डप्रेस (साईट बांधायचं फुकट सॉफ्टवेअर). एसएसएल (पत्त्याआधी https आणणारी सुरक्षा) चालू करा. मग सेटिंग्जमधे पर्मालिंक (लेखाच्या पत्त्याची पद्धत) 'पोस्ट नेम' करा, आणि हे पहिला लेख टाकायच्या आधी. नंतर बदललं तर जुने पत्ते मोडू शकतात आणि त्यांना ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण) लावत बसावं लागतं. पत्त्यात साल नको. 'उत्तम-दुर्बिणी-२०२४' असा पत्ता पुढच्याच वर्षी शिळा दिसतो.

'हॅलो वर्ल्ड' आणि 'सॅम्पल पेज' उडवा. रीडिंग सेटिंग्जमध्ये सर्च इंजिनांना साईट दाखवू नका अशा अर्थाचा एक चौकोन असतो. बांधणी चालू असताना लोक त्यावर टिक करतात आणि काढायचं विसरतात. चार महिने 'गूगल मला का घेत नाही' म्हणून हैराण झालेल्या माणसाने आधी हा चौकोन बघावा.

थीम हलकी : जनरेटप्रेस, अ‍ॅस्ट्रा, केडन्स यांतली कुठलीही, फुकटवाली. प्लगिन पाच पुरेत : एसइओचं (साईट शोधात वर यावी यासाठीचं) एक, कॅशचं (तयार पान साठवून लवकर दाखवणारं) एक, बॅकअपचं एक, चित्रं लहान करणारं एक, संपर्काच्या फॉर्मचं एक. 'एक' हा शब्द महत्त्वाचा. कॅशची दोन प्लगिनं एकत्र लावली की कधी जुनं पान दिसतं, कधी मांडणी विस्कटते, आणि दोष कुणाचा ते सापडत नाही. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर त्याला बॅकअप म्हणू नका, सर्व्हर गेला की तोही गेला.

चित्रं १२०० पिक्सेल रुंद, वेबपी प्रकारची (कमी जागा घेणारी), शक्यतो १०० केबीच्या आत. प्रत्येक चित्राला रुंदी-उंची नोंदवलेली हवी, नाहीतर चित्र येताच मजकूर खाली उडी मारतो. वेगाच्या मापात ही उडी ०.१ च्या आत असावी लागते, मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा लागतो आणि बोट लावल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत. नेहमी होणारी एक गफलत : लेझी लोडिंग (वाचक तिथवर पोचला की मगच चित्र आणणं) सरसकट चालू करणं. सगळ्यात वरचं मोठं चित्र त्यातून वगळा, एरवी तेच उशिरा येतं आणि २.५ चे ४ होतात.

यानंतर थीमला हात लावू नका. लोगोचा रंग बघायला कुणी येत नाही.

शेवटचा_बाक

सर्च कन्सोल (आपली साईट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं फुकट टूल) राहिलं की ताई.

रिकामटेकडी

हो, खरंच. साईट पहिल्याच दिवशी 'डोमेन' प्रकारात जोडा. त्यासाठी डोमेनच्या डीएनएस सेटिंग्जमध्ये गूगलने दिलेली एक टीएक्सटी नोंद टाकावी लागते. मग साईटमॅपचा (साईटवरच्या सगळ्या पानांच्या यादीचा) पत्ता द्या. झालं.

कोरा_कागद

मांडणी कळली. खरी अडचण लेखाची आहे. वस्तू हातात नसताना परीक्षण कसं लिहायचं? सगळ्या दुर्बिणी विकत घेणं कुणालाच परवडणार नाही.

गंजका_खिळा

या प्रश्नावरच साईट तरते किंवा बुडते, म्हणून जरा सविस्तर.

दुकानाच्या पानावर जे आहे तेच आपल्या शब्दांत लिहिलं तर वाचकाने तुमच्याकडे का यावं? गूगलच्या नियमांतही अशा पानांना वेगळं नाव आहे, थिन अफिलिएशन, आणि ती स्पॅममध्ये मोजली जातात. म्हणून प्रत्येक लेखात दुकानाच्या पानावर नसलेली निदान एक गोष्ट हवी. ती मोजलेली असली तर सोन्याहून पिवळं.

दुर्बिणीचं बघा. खोक्यावर आय रिलीफ (पूर्ण चित्र दिसायला डोळा भिंगापासून किती लांब चालतो ते अंतर) १८ मिमी लिहिलेलं असतं. चष्मेवाल्याला साधारण १५-१६ मिमी लागतात, म्हणजे १८ आनंदाचे. पण ते १८ बहुधा भिंगापासून मोजलेले असतात. भिंग रबरी कडेपासून २-३ मिमी आत बसलेलं असलं, तर चष्म्याच्या वाट्याला १५ च येतात. हे दुकान सांगत नाही. मोजायचं कसं? खोली अंधारी करा. डोळ्याकडची रबरी कडी पूर्ण खाली करा आणि फोकस लांबच्यावर ठेवा. मोठ्या भिंगांच्या बाजूने टॉर्च मारा. डोळ्याच्या बाजूला पातळ कागद धरून पुढे-मागे करा. एका जागी उजेडाच्या गोलाची कड एकदम धारदार होते. रबरी कडेपासून कागदापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा, हेच चष्मेवाल्याला मिळणारं खरं अंतर. त्या गोलाचा व्यासही मोजून ठेवा. ८×४२ मध्ये तो ४२ भागिले ८, म्हणजे ५.२५ मिमी यायला हवा.

आता टॉर्च उलटीकडून, म्हणजे डोळ्याच्या बाजूने, थोडी लांब धरून मारा. मोठ्या भिंगातून कागदावर पडणारा गोल ४२ मिमीचा हवा. तो ३६ चा भरला, तर आत कुठेतरी वाट अरुंद केलेली आहे आणि खोक्यावरचा ४२ हा आकडा फक्त भिंगाचा आहे. हा एक फोटो, पट्टीसकट, तुमच्या दहा परिच्छेदांपेक्षा जास्त बोलतो.

याशिवाय वजन पट्टा आणि झाकणांसह करा, कारण गळ्यात तेच असतं. किती जवळचं स्पष्ट दिसतं ते टेपने मोजा. दोन नळ्या पूर्ण मिटवल्यावर डोळ्याकडच्या दोन भिंगांच्या मध्यबिंदूंतलं अंतर किती उरतं तेही, कारण बऱ्याच दुर्बिणी ५५ मिमीच्या आसपास अडतात आणि लहान मुलाच्या डोळ्यांना ते जास्त होतं. एका दुर्बिणीला वीस मिनिटं पुरतात. म्हणजे मित्राची, पक्षीमंडळातली, भाड्याची, कुणाचीही तासभर हातात आली तरी भागतं. विकत घ्यायची गरज नाही.

हाताळलेलीच नसेल तर तसं लिहा. 'ही वापरलेली नाही, कंपनीच्या पत्रकावरून तुलनेत घेतली आहे' हे वाक्य नाव घालवत नाही. न वापरता 'हातात घेताच दमदार वाटते' असं लिहिलं की जाणता वाचक दुसऱ्या ओळीला ओळखतो.

उंबरठा

टॉर्चच्या प्रतिसादाला +१. त्यात भर : दोष लिहिलेच पाहिजेत, आणि ते कुणाला भोवतील तेही. 'वजन जास्त आहे' याने काही कळत नाही. '७५० ग्रॅम आहे, दिवसभर गळ्यात ठेवणार असाल तर हार्नेस (वजन खांद्यांवर घेणारा पट्टा) लागेल, गाडीतून बघणार असाल तर फरक पडत नाही' यातून निर्णय होतो. शिवाय हार्नेसची लिंक तिथे आपसूक बसते, ओढून आणावी लागत नाही.

तुलनेचा तक्ता फोनवर बघा. सात रकाने फोनवर मावत नाहीत. वाचक आडवा सरकवत बसत नाही, निघून जातो. नाव, वजन, मोजलेलं आय रिलीफ, लिंक : चार रकाने पुरेत.

शेवटचा_बाक

आणि हे सगळं एआयकडून लिहून घेतलं तर? दिवसाला दहा लेख होतील :)

तिरपागडा

होतील की. गूगलचा नियम लेख माणसाने लिहिला की यंत्राने, यावर नाही. क्रमवारीसाठी ढिगाने काढलेली निरुपयोगी पानं, यावर आहे. तेही मार्च २०२४ चंच कलम. यंत्र उजळणी, शुद्धलेखन, तक्ता नीट लावणं यासाठी वापरा. कागदावर पडलेला ३६ मिमीचा गोल त्याला दिसणार नाही. विचारलंत तर ते बिनदिक्कत ४२ सांगेल.

आणखी एक जाणीव ठेवा. 'आय रिलीफ म्हणजे काय' अशा प्रश्नांची उत्तरं आता शोधाच्या पानावरच एआयच्या चौकटीत मिळतात, पुढे क्लिक होत नाही. असे लेख साईटला आधार म्हणून चार-पाच असू द्यात. सगळी साईट त्यावर उभी करू नका.

भाकरवडीचा_डबा

अ‍ॅमेझॉनचं खातं आधी काढायचं की लेख आधी?

उंबरठा

लेख आधी. अर्ज केल्यापासून १८० दिवसांत निदान ३ पात्र विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण साईटवरच्या सगळ्या लिंकांतला आयडी (कमिशन कुणाचं ते सांगणारा) बदलावा लागतो. म्हणून दहा-पंधरा लेख होईपर्यंत साध्या लिंका ठेवा, दिवसाला थोडे वाचक यायला लागले की अर्ज करा. स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी मोजत नाहीत. घरच्यांना करायला लावली तरी नाही, आणि खातं जाऊ शकतं ते वेगळंच.

अटींत नवे लोक नेमके जिथे अडकतात ते : किंमत हाताने टाइप करायची नाही (दुकानात ती दिवसातून दोनदा बदलू शकते), ग्राहकांची परीक्षणं आणि तारे उचलायचे नाहीत, दुकानातली चित्रं उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवायची नाहीत. स्वतः काढलेला फोटो सगळ्यात सुरक्षित. आणि अ‍ॅमेझॉनची लिंक अशी झाकायची नाही की ती कुठे जाते ते कळू नये.

लिंक पैशांची आहे हे वाचकाला सांगणं बंधनकारक आहे, ते पहिल्या लिंकच्या वर, साध्या भाषेत. तळटीपेत बारीक अक्षरांत नको. आणि प्रत्येक अशा लिंकला 'स्पॉन्सर्ड' हा रेल (लिंक पैशांची आहे हे गूगलला सांगणारी, लिंकच्या कोडमधली खूण) लावा. गूगलने तो सप्टेंबर २०१९ मध्ये आणला. जुन्या लिंकांना 'नोफॉलो' असेल तर तोही चालतो, घाईने बदलू नका.

गंजका_खिळा

उंबरठांना जोडून : एकाच दुकानावर सगळा भार टाकू नका. एप्रिल २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरसामानाचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. त्याच विषयावरच्या साईटींचं उत्पन्न वाचक तेवढेच राहून निम्म्याच्याही खाली गेलं असणार, गणितच तसं आहे. दुर्बिणी बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या इतर दुकानांचे कार्यक्रम अविन, सीजे अशा, अनेक दुकानांचे कार्यक्रम एका जागी असलेल्या नेटवर्कांवर शोधा. अशा लिंका मधल्या एका छोट्या पत्त्यावरून वळवल्या तर कार्यक्रम बदलल्यावर चाळीस लेख उघडावे लागत नाहीत, एकाच जागी बदल होतो. अर्थात त्या कार्यक्रमाच्या अटींत बसत असेल तरच.

कोरा_कागद

बारा लेख टाकले आणि सर्च कन्सोल 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणालं तर?

रिकामटेकडी

म्हणजे पत्ता कळलाय, पण गूगलचा बॉट अजून आत आलेला नाही. नव्या साईटला हे नेहमीचं. मुख्य पानावरून आणि जुन्या लेखांतून त्या लेखाला लिंक आहे का बघा. कुठूनच लिंक नसलेला लेख रांगेत मागे राहतो. 'इंडेक्स करा' ची विनंती एकदा करा, रोज बटण दाबून रांग पुढे सरकत नाही.

'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' दिसलं तर मात्र प्रकरण वेगळं. बॉट आला, वाचून गेला आणि ठेवून घेतलं नाही. बहुतेक वेळा तुमचेच दोन लेख एकच गोष्ट सांगत असतात. '८×४२ की १०×४२' आणि '१०×४२ घ्यावी का' हे वेगळे लेख नव्हेत. एकत्र करा, उरलेल्या पत्त्याला ३०१ लावा.

तीन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये सरासरी ८ ते २० क्रमांकावर असलेले प्रश्न काढा. बऱ्याचदा असं दिसतं की लोक जे विचारून तुमच्या पानावर येतात, त्याचं उत्तर तुम्ही ओझरत्या एका ओळीत दिलेलं असतं. त्या ओळीचा नीट परिच्छेद करा, एक मोजमाप घाला, शक्य असेल तर उपशीर्षक तोच प्रश्न ठेवा. नवीन लेखापेक्षा याचा परिणाम लवकर दिसतो.

लिंका विकत घेऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

भाकरवडीचा_डबा

किती दिवसांत पैसे दिसतात?

उंबरठा

पहिले सहा महिने शून्य धरा. डोमेन आणि होस्टिंगचा वर्षाचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवा, म्हणजे चौथ्या महिन्यात जीव टांगणीला लागत नाही. पहिल्या वर्षात मिळकत न बघता इंप्रेशन (शोधाच्या निकालांत साईट किती वेळा दिसली) वाढतायत का आणि आलेल्या वाचकांपैकी किती जण लिंकवरून दुकानात जातायत, एवढंच बघा. प्रत्येक प्रकारच्या लेखांना वेगळा ट्रॅकिंग आयडी द्या. तसं केलं नाही तर विक्री तुलनेच्या लेखातून झाली की परीक्षणातून, हे कधीच कळत नाही.

शेवटचा_बाक

एक शेवटचं. लेखातलं मॉडेल कंपनीने बंद केलं तर लेख काढून टाकायचा?

गंजका_खिळा

नाही. जुनी दुर्बीण वापरणारे आणि सेकंडहँड शोधणारे त्या नावाने येतच राहतात. सगळ्यात वर दोन ओळी घाला : हे मॉडेल बंद झालं, जागी अमुक आलं, त्यात हे बदललं आणि हे तसंच आहे. जुनी मोजमापं खाली राहू द्या, विकत घ्यायचं बटण काढा. नव्या मॉडेलचा स्वतंत्र लेख झाला की तिथे लिंक द्या. महिन्यातून एकदा सगळ्या दुकानाच्या लिंका उघडून बघायच्याच आहेत, त्याच वेळी हेही उरकतं. तुटलेल्या लिंका शोधणारी प्लगिनं '४०४' पकडतात, पण 'सध्या उपलब्ध नाही' असं लिहिलेलं पान त्यांना ठणठणीत वाटतं. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.